पाय काढलेले टेबल

मराठीत 'फर्निचर' या वस्तूस सर्वमान्य असा शब्द नाही, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवसांपासून चमत्कारिक वाटत आली आहे. लाकूडसामान म्हणावे तर त्यात वासे, तुळया आणि जळाऊ ढलप्याही येतात. सामानसुमान म्हणावे तर तांब्यापितळेची भांडी येतात. सुट्या वस्तूंची नावे काढून पाहिली तर तीही बहुतेक पाहुणीच. खुर्ची अरबी-फारसीच्या वाटेने आली, मेज फारसीतून आले, टेबल आणि कोच इंग्रजांनी आणले. आपले म्हणून जे उरते ते पाट, चौरंग, झोपाळा, माचा आणि पलंग एवढेच. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. आपल्या जुन्या घरांत बसावयाचे ते भुईवर, जेवावयाचे ते पाटावर, आणि ठेवावयाचे ते भिंतीत. कोनाडा, फडताळ, खुंटी, माळा ही सारी घराचीच अंगे. घराबरोबर ती उभी राहत आणि घराबरोबरच पडत.

पुढे कचेऱ्या आल्या, कचेरीतून खुर्ची घरात आली, खुर्चीपाठोपाठ टेबल आणि टेबलापाठोपाठ कपाट आले. ज्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नव्हत्या, त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकविण्याचा आपण ध्यास घेतला, ही यातील गंमत. शिसवी कपाट म्हणजे आजोबांचे. सागवानी पलंग म्हणजे आजीच्या लग्नातला. १९२३ मध्ये गोदरेजने पोलादी कपाटे करावयास आरंभ केल्यानंतर तर कित्येक घरांत लग्नात आलेले ते कपाट लग्नाइतकेच अभंग मानले गेले. असले सामान घ्यावयाचे ते एकदाच, ही आपल्या मध्यम वर्गाची श्रद्धा होती, आणि अजूनही ती पुरती गेलेली नाही.

या श्रद्धेस धक्का देणारी एक स्वीडिश कंपनी आमच्या उंबरठ्यापर्यंत येऊन काही वर्षे झाली. २०१८ च्या ऑगस्टात हैदराबादेस आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्यास तिने आपली प्रचंड दुकाने उघडली. तिचे नाव आयकिया. आमच्या परिचयातील तरुण मंडळींच्या घरी गेलो की, पुस्तकांची एखादी फळी किंवा दिव्याखालचे एखादे टेबल तरी तेथून आलेले असते. या कंपनीची वाढ कशी झाली याविषयी आम्ही प्रथम नुसत्या कुतूहलाने वाचावयास लागलो. वाचता वाचता असे ध्यानात आले की, ही हकीकत जितकी व्यापाराची आहे तितकीच, वस्तू आपली कशाने होते या प्रश्नाचीही आहे. आणि तो प्रश्न त्याच सुमारास आमच्या घरीही येऊन उभा राहिला होता.

स्वीडनच्या दक्षिणेस स्मोलांड नावाचा प्रांत आहे. जमीन खडकाळ, अरण्य दाट, शेत तुटपुंजे. शेतातून वेचून काढलेल्या दगडांचे गडगे मैल मैल लांब पसरलेले. एकोणिसाव्या शतकात येथील हजारो माणसे पोटासाठी अमेरिकेस निघून गेली. जी मागे राहिली त्यांच्या अंगी काटकसर इतकी मुरली की, उरलेल्या स्वीडनात ती थट्टेचा विषय होऊन बसली. दगडांचे गडगे, पोटासाठी देशांतर आणि काटकसरीवरून होणारी थट्टा! आमच्या कोकणातल्या वाचकांस आमचाच भूगोलात काही घोटाळा झाला असे वाटले तर नवल नाही.

या प्रांतात १९२६ साली इंग्वार कांप्राद याचा जन्म झाला. शाळकरी वयातच तो काड्यापेट्या घाऊक भावाने आणून शेजाऱ्यापाजाऱ्यांस किरकोळीने विकू लागला. १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने कंपनी नोंदविली आणि तिला चार आद्याक्षरांचे नाव दिले: दोन स्वतःच्या नावाची, एक एल्मतारिद या आपल्या शेतवाडीचे आणि एक अगुन्नारिद या गावाचे. माणसाने आपले गाव नावातच बांधून बरोबर न्यावे, ही रीत आपल्याकडील 'कर'वाल्यांस तरी समजावून सांगावयास नको. प्रथम पेने, पाकिटे, तसबिरींच्या चौकटी, नायलॉनचे मोजे असा फुटकळ माल टपालाने विकला जाई. १९४८ मध्ये त्यात आसपासच्या कारागिरांनी केलेल्या खुर्च्या-टेबलांची भर पडली. १९५१ मध्ये सचित्र कॅटलॉग निघाला. पण टपालाच्या धंद्यात प्रतिस्पर्ध्याशी भाव पाडण्याची चुरस लागली, भावाबरोबर मालही उतरू लागला, आणि कागदावरील चित्रावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसेना. तेव्हा १९५३ मध्ये आल्महुल्त या लहानशा गावी त्याने माल मांडून दाखविण्याची जागा काढली. या, हात लावून पाहा, मग मागणी नोंदवा.

त्याचे भाव पाहून स्वीडनमधील फर्निचरच्या व्यापाऱ्यांचे माथे भडकले. त्यांनी कारखानदारांवर दडपण आणले की, या माणसास माल देऊ नका. प्रदर्शनांची दारे त्यास बंद केली. याचा परिणाम मात्र उलटा झाला. दुसऱ्यांच्या घाटाचा माल मिळेना, म्हणून १९५५ पासून कंपनी आपले घाट आपणच आखू लागली. देशात कारखाने मिळेनात, म्हणून १९६१ मध्ये तिने पोलंडात मागणी नोंदविली, आणि तेथे माल कितीतरी स्वस्त पडला. वैऱ्यांनी कोणाचे इतके हित केल्याचे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात विरळाच असेल.

परंतु तिची खरी नाडी आम्हांस सापडते ती १९५६ च्या एका लहानशा प्रसंगात. गिलिस लुंडग्रेन नावाचा तरुण आरेखक कंपनीत होता. कॅटलॉगासाठी एका टेबलाचे चित्र घेऊन झाले. टेबल पानाच्या आकाराचे, तीन पायांचे. ते मोटारीत घालावयाचे तर मावेना. तेव्हा त्याने सरळ पाय काढले आणि फळीखाली ठेवले. गोष्ट एवढीच. ही युक्ती जगात अगदी नवी होती असेही नाही; व्हिएन्नाच्या थोनेत कंपनीची १८५९ ची वाकविलेल्या लाकडाची प्रसिद्ध खुर्ची सुटी केली म्हणजे एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस मावत. पण थोनेतने खुर्ची सुटी केली ती आगबोटीच्या सोयीसाठी. दुकानात गिऱ्हाइकापुढे ती उभीच असे. स्मोलांडच्या माणसाने टेबल सुटे केले आणि ते सुटेच विकले.

यामागील हिशेब मोठा मनोरंजक आहे. आपण टेबल मालमोटारीत घालतो तेव्हा टेबलाबरोबर त्याच्या पायांमधील हवाही भाडे भरून नेत असतो. ती हवा वखारीत जागा अडविते, वाटेत लाकडास ठोकर बसण्यास वाव देते आणि किमतीत भर घालते. पुढील साऱ्या वर्षांचा कंपनीचा उद्योग पाहिला तर तो या हवेविरुद्ध चालविलेला लढा आहे असेच म्हणावे लागते. तिच्या 'बांग' नावाच्या चहाच्या पेल्याचीच गोष्ट घ्या. माल रचण्याच्या एका चौकटीवर आरंभी ८६४ पेले मावत. कडेचा घाट पालटला, तेव्हा १,२८० मावू लागले. उंची थोडी उतरवून कान निराळा बसविला, तेव्हा २,०२४. चहा पिणारास फरक कळलाही नसेल. टेबलाच्या फळीतही तीच विद्या. दरवाजे पोकळ करण्याची रीत पाहून यांनी टेबलही पोकळ केले: कडेने लाकडाची चौकट, वरखाली पातळ पत्रे, आणि पोटात मधमाशांच्या पोळ्यासारखी रचलेली कागदाची जाळी. दिसावयास दोन बोटे जाड, उचलावयास एका हाताचे. आधी किंमत ठरवावयाची आणि मग त्या किमतीत बसेल असा घाट आखावयाचा, हा त्यांचा परिपाठ. आपल्याकडील कारागीर आधी लाकूड पाहतो, मग वस्तू मनात आणतो, आणि किंमत सर्वांत शेवटी, तीही डोके खाजवीत सांगतो.

या काटकसरीस निव्वळ कंजूषपणा म्हणणे न्यायाचे होणार नाही. स्वीडनमध्ये एलेन केय या लेखिकेने १८९९ मध्येच, सौंदर्य हे श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरते नसून सर्वांच्या घराचे आहे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला होता. साध्या माणसाच्या खोलीतील खुर्चीही सुबक असावी, हा विचार त्या देशात दोन पिढ्या रुजलेला होता. कांप्रादने १९७६ मध्ये आपल्या लोकांसाठी जी धोरणाची पुस्तिका लिहिली, तीत हाच सूर आहे. विचार जुना होता, पण त्याची किंमत सामान्य माणसाच्या खिशात मावेल इतकी खाली आणली ती याने, आणि त्याबद्दल त्यास मान दिला पाहिजे. भाड्याच्या एका खोलीत नवा संसार मांडणाऱ्या दोन तरुण माणसांस नेटके मेज आणि मंद दिवा चार पैशांत मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे.

मग कंपनी झपाट्याने वाढली. १९५८ मध्ये आल्महुल्तचे मोठे दुकान, १९६३ मध्ये नॉर्वे, १९६५ मध्ये स्टॉकहोमच्या वेशीवर वर्तुळाकार अजस्र दुकान. तेथे गिऱ्हाइकांची अशी झुंबड उडू लागली की, नोकर पुरेनात; तेव्हा वखारीची दारेच लोकांसाठी उघडण्यात आली. १९७० मध्ये ते दुकान आगीत सापडले, आणि पुढील वर्षी पुन्हा उघडले तेव्हा ही वाण्याविना वखार दुकानाचा कायमचा भाग झाली. १९७३ मध्ये स्वित्झर्लंड, १९७४ मध्ये जर्मनी, १९८५ मध्ये अमेरिका, १९९८ मध्ये चीन. आता गिऱ्हाइकानेच वस्तू निवडावयाची, फळीवरून खोके काढावयाचे, गाडीत घालावयाचे, घरी नेऊन जोडावयाचे. प्रथम टेबलातून हवा गेली, मग दुकानातून नोकर गेला, शेवटी वस्तूतून सुतार गेला. आणि त्या प्रत्येकाच्या वेतनाचा काही अंश किमतीतून उतरला.

यात गिऱ्हाईक नाडला गेला म्हणावे, तर तो खूश आहे. २०१२ मध्ये तीन अमेरिकन संशोधकांनी या कंपनीचेच नाव देऊन एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांकडून साध्या पेट्या जोडवून घेतल्या आणि काहींस जोडलेल्याच दिल्या. ज्यांनी स्वतः जोडल्या त्यांनी त्या पेटीस इतरांपेक्षा सुमारे ६३ टक्के अधिक मोल देऊ केले. माणसास आपल्या घामाचा वास गोड लागतो. काम अर्धवट सुटले किंवा जोडलेले पुन्हा मोडले, तर मात्र हा लोभ उरत नाही, असेही त्यांस आढळले.

तथापि स्वस्ताईचा सारा हिशेब हवा आणि घाम यांतच मिटत नाही. २०१२ मध्ये कंपनीने स्वतःच नेमलेल्या तपासनिसांनी असा अहवाल दिला की, पूर्वीच्या पूर्व जर्मनीतून जो माल येत असे, त्यातील काही तेथील राजकीय कैद्यांच्या सक्तीच्या श्रमांतून झालेला होता, आणि कंपनीच्या काही माणसांस त्याची कुणकुण होती. कंपनीने खेद व्यक्त केला. २०२४ मध्ये तिच्या जर्मन शाखेने त्या पीडितांच्या निधीस साठ लाख युरो देण्याचे मान्य केले. कांप्राद तरुणपणी स्वीडनमधील फॅसिस्ट पुढाऱ्याच्या सभांस जात असे, ही गोष्ट १९९४ मध्ये उघडकीस आली, तेव्हा त्याने आपल्या नोकरांस पत्र लिहून क्षमा मागितली. २०१८ मध्ये तो निवर्तला. स्वस्त खुर्चीवर बसताना ती कोणाच्या अंगावर महाग पडली असेल हे विचारावयाचे आपल्या मनात येत नाही. पण ते आजोबांच्या शिसवी कपाटाविषयी तरी आपण कधी विचारले होते? मलबारच्या जंगलात ते झाड कोणी, काय मजुरीवर तोडले, हे आमच्या घरात कोणास ठाऊक नाही.

हिंदुस्थानात एकाच नाममुद्रेच्या किरकोळ विक्रीत शंभर टक्के परकी भांडवलास मोकळीक मिळाली ती २०१२ मध्ये. त्याच वर्षी कंपनीने सुमारे १०,५०० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा अर्ज केला आणि २०१३ मध्ये तिला परवानगी मिळाली. येथे आल्यावर मात्र तिच्या साऱ्या विद्येपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. जेथे सुताराची मजुरी भारी, तेथे घरधन्याने स्वतः स्क्रू पिळण्यात लाभ. पण जेथे एका फोनवर मिस्त्री दारात हजर होतो, तेथे गादीवरून उठून किल्ली कोण हाती घेणार? म्हणून येथे जोडून देणारी माणसे पुरविण्याची व्यवस्था तिला आरंभापासूनच करावी लागली. स्वीडनमध्ये वस्तूतून गेलेला सुतार आमच्याकडे पुन्हा परत आला, पण तो रंधा आणि पटाशी बाहेर ठेवून.

आमच्याकडे तीस वर्षे काम केलेले एक वृद्ध मिस्त्री आहेत, रत्नागिरीकडचे. पूर्वी ते आले की, वीस-वीस दिवस गॅलरीत त्यांचा संसार थाटे. दोन वेळचा चहा, दुपारची वामकुक्षी आणि सायंकाळी भुशाचा ढीग. त्यांस आम्ही विचारले, "मिस्त्री, हल्ली काम कसे काय चालले आहे?"

ते म्हणाले, "काम आहे साहेब, पण लाकूड कापायला कोण बोलावतो? खोकी उघडायला बोलावतात. आत चित्रांचा कागद असतो, अक्षर एक नाही. नातू ते बघून जोडतो, मी शेजारी बसतो."

"मग मालात काही दम आहे की नाही?"

"भुशाची फळी कुठल्याही कंपनीची असो, साहेब, पाणी लागलं की फुगणार. एकदा खोलून परत आवळली की इस्क्रू पहिल्यासारखा धरत नाही." मग थोडे थांबून, आपणहूनच म्हणाले, "पण माप चुकत नाही हं. आमच्या हातच्या दाराला कुठंतरी सुताएवढी फट राहायचीच. यांच्या दाराला नाही."

हे संभाषण आम्ही नुसत्या हौसेने केलेले नव्हते. आमची इमारत पुनर्विकासास निघाली होती. तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढावयाची, आणि त्या जागेच्या दारातून आजोबांचे शिसवी कपाट जाणे शक्य नव्हते. लिफ्टची तर गोष्टच नको. चिरंजीवांचे म्हणणे स्पष्ट होते. तो म्हणाला, "बाबा, ते विकून टाकू या. तुम्हांला पुस्तकांसाठी नवं शेल्फ आणतो, एका दुपारी जोडून होईल." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, हिशेब होता. नातेवाइकांस विचारले, प्रत्येकाने कपाटाची तोंडभर स्तुती केली आणि प्रत्येकाची खोली लहान निघाली. जुन्या सामानाचा व्यापारी येऊन गेला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून घरातील बायकामाणसांनी त्यास चहाही विचारला नाही.

शेवटी मिस्त्रींस बोलावले, कापून तरी बाहेर काढता येईल का ते पाहावे म्हणून. त्यांनी कपाटाभोवती दोन फेऱ्या घातल्या, वरच्या कोरीव पट्टीखाली हात घातला आणि हातोडीने एक पाचर हलकेच ठोकली. पट्टी सुटून वर आली. मागोमाग दुसरी पाचर, तिसरी. बाजू निराळ्या झाल्या, पाठ निराळी, फळ्या निराळ्या. अर्ध्या तासात ऐंशी-नव्वद वर्षे उभे असलेले कपाट भिंतीस टेकून आडवे झाले, त्यात ना एक खिळा, ना सरसाचा थेंब. प्रत्येक सांध्याच्या आत, जेथे कोणाची दृष्टी जावयाची नाही तेथे, पटाशीने मराठी आकडे कोरलेले होते: एकास एक, दोनास दोन.

म्हणजे आमच्या आजोबांचे कपाटही सुटेच आले होते! लुंडग्रेनने मोटारीपाशी जे केले ते आमच्याकडील कोण्या अनाम सुताराने त्याआधी करून ठेवले होते, आणि जोडणीचा कागदही लाकडातच लिहून ठेवला होता. आम्ही इतकी वर्षे ज्यास अचल समजत होतो, ते मुळी बिऱ्हाडे बदलण्यासाठीच केलेले होते. दोहोंत फरक एवढाच की, पाचरीचा सांधा कितीही वेळा सोडवून बांधावा. भुशाच्या फळीस मात्र, मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे, पहिल्या जोडणीचीच काय ती पकड. म्हणून आयकियाचे सामान घर बदलताना मागे राहते, यात दोष सर्वस्वी घेणाऱ्याच्या चंचलपणाचा नाही. वस्तूच्या घडणीतही तो थोडासा आहे.

आणि कंपनीने हा चंचलपणा वाढविण्यास हातभार लावला, हेही खरे. २००२ मध्ये स्पाइक जोन्झ या दिग्दर्शकाने तिच्यासाठी अमेरिकेत एक जाहिरात केली. एक बाई जुना दिवा उचलून रस्त्यावर कचऱ्याशेजारी ठेवते. रात्र होते, पाऊस पडू लागतो, खिडकीत नवा दिवा लागतो आणि जुना भिजत उभा असतो. पाहणाराच्या गळ्यात आवंढा येतो न येतो, इतक्यात एक मनुष्य पावसात येऊन बजावतो की, तुम्हांस याची कीव येत असेल तर तुम्ही वेडे आहात; दिव्यास भावना नसतात, आणि नवा दिवा याहून चांगला आहे. जाहिरात मोठी चतुर आहे. ती पाहताना आम्हांस हसूही आले. पण तो दिवा भिजत होता हे काही केल्या मनातून जाईना. सोळा वर्षांनी, २०१८ मध्ये, तिचाच पुढील भाग कॅनडात निघाला. त्यात एक लहान मुलगी तो टाकलेला दिवा उचलून घरी नेते आणि जपून वापरते. तोच मनुष्य पुन्हा येतो, आणि या खेपेस सांगतो की, दिव्याबद्दल आनंद वाटला तर तुम्ही वेडे नव्हेत. मध्यंतरी अरण्यांची आणि कचऱ्याची चिंता जगास लागली होती, आणि जगातील अत्यंत मोठ्या लाकूड-ग्राहकांपैकी एक असलेल्या कंपनीस ती ऐकणे भाग होते.

आमचे कपाट सध्या उलगडलेल्या स्थितीत, जुन्या लुगड्यांत गुंडाळून, पलंगामागे भिंतीस टेकून ठेवले आहे. पुस्तके चिरंजीवांनी आणलेल्या शेल्फवर आहेत, आणि ते शेल्फ सरळ उभे आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. नव्या इमारतीचे नकाशे हाती आले तेव्हा आमच्या पत्नीने सर्वांच्या आधी टेप घेऊन भिंतीची लांबी मोजली. ती काय मोजीत होती हे कोणी विचारले नाही.

आल्महुल्त येथे, १९५८ च्या त्या पहिल्या दुकानाच्या इमारतीत, कंपनीने २०१६ मध्ये आपले संग्रहालय उघडले. गिऱ्हाइकांनी केव्हाच टाकून दिलेल्या खुर्च्या आणि दिवे तेथे जपून मांडलेले आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या जोडीदारांस तर लिलावांत मूळ किमतीच्या कितीतरी पट दाम येतो. लुंडग्रेनच्या त्या पानाच्या आकाराच्या टेबलाची नवी आवृत्तीही कंपनीने २०१३ मध्ये पुन्हा बाजारात आणली होती. तिचेही तिन्ही पाय निराळेच होते.